स्थगिती म्हणजे माफी नव्हे : चार शब्दांची कुंडली

दुष्काळ जाहीर झाला की सरकारी निर्णयात सवलतींची एक ठरलेली यादी येते. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा ती होती. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ४० तालुक्यांत जाहीर झाला, तेव्हाही जवळपास तीच होती. तालुके बदलतात, यादी बदलत नाही. ती एकदा नीट वाचा.

जमीन महसुलात सूट. पीक कर्जाचे पुनर्गठन. शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती. कृषी पंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी. रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता. पाण्याचे टँकर. पंपाची वीज न तोडणे.

सूट, पुनर्गठन, स्थगिती, माफी, शिथिलता. एका कागदावर पाच शब्द, आणि पाचांचे अर्थ पाच. पण दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा एकच असतो : "बळीराजाला दिलासा". सहाव्या शब्दाखाली पाचही गाडले जातात. मग वर्ष-दीड वर्षाने बँकेची नोटीस दारात येते आणि माणूस विचारतो, "अहो, कर्ज तर थांबवलं होतं ना सरकारनं?"

थांबवलं होतं. पण काय थांबवलं होतं? आजची पोस्ट या एका प्रश्नावर आहे. लांबलचक आहे, पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे किंवा ज्याची बँकेत ठेव आहे त्याने शेवटपर्यंत वाचावी.

स्थगित : मूळ अर्थ 'झाकलेलं'

आपल्याला वाटतं, स्थगित म्हणजे थांबलेलं. 'स्था' म्हणजे उभं राहणं, त्यावरून आलं असेल. तसं नाही. संस्कृतात 'स्थग्' हा वेगळा धातू आहे आणि त्याचा अर्थ झाकणं, लपवणं. स्थगित म्हणजे झाकलेलं, नजरेआड केलेलं. 'थांबवलेलं' हा अर्थ नंतर आला.

गंमत पुढे आहे. याच धातूपासून संस्कृतात 'स्थग' म्हणजे लबाड माणूस असा शब्द झाला आणि त्यातूनच आपला 'ठग' आला. म्हणजे स्थगिती आणि ठग एकाच घरातले. त्याच घराची एक शाखा युरोपातही गेली असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. लॅटिनमध्ये झाकणे या अर्थाचा जो धातू आहे, त्यातून इंग्रजीतला 'प्रोटेक्ट' आला. झाकणं म्हणजे लपवणं, आणि झाकणं म्हणजे पांघरूण घालून राखणंही. एकाच मुळाला दोन फांद्या फुटल्या, एक ठगाची आणि एक संरक्षणाची.

शब्दाच्या व्युत्पत्तीवरून सरकारी धोरण ठरत नाही, हे मान्य. पण ही जोडी डोक्यात ठेवा. कुठलीही स्थगिती जाहीर झाली की ती यातल्या कोणत्या फांदीवर बसलीय, हे बघायची सवय लागते.

तहकूब आणि मोकूफ

संस्कृत 'स्थगिती' सरकारी मराठीत रुळायच्या आधी आपल्याकडे या कामाला दोन शब्द होते, तहकूब आणि मोकूफ. दोन्ही अरबी-फारसीच्या वाटेने दफ्तरात आलेले.

मोकूफचं मूळ अरबी 'मौकूफ'. त्यामागचा धातू थांबणं, थांबवून ठेवणं या अर्थाचा. 'वक्फ' हा शब्दही त्याच धातूचा. मालमत्तेचे व्यवहार कायमचे थांबवून ती धर्मादाय कामाला बांधून ठेवायची, तो वक्फ. मराठीत मोकूफला 'रद्द' असा अर्थ चिकटला. फाशी मोकूफ झाली म्हणजे माणूस वाचला.

तहकूबचं तसं नाही. सभा तहकूब झाली म्हणजे संपली नाही, पुढच्या तारखेवर गेली. ग्रामसभेला जाणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून मोजक्या माणसांत ठराव उरकायचे, हा खेळ कित्येक गावांत चालतो. विषयपत्रिका तीच राहते, फक्त बघणारे कमी होतात. तहकूब केलेली गोष्ट मरत नाही. ती परत येते आणि आपलं लक्ष नसताना येते.

महसुलाच्या भाषेत हा फरक पक्का होता. साऱ्याची तहकुबी वेगळी आणि साऱ्याची माफी वेगळी. तहकुबी म्हणजे यंदा नको, पुढच्या साली द्या. माफी म्हणजे देऊच नका.

१९१८ चा खेडा सत्याग्रह आठवा. गुजरातचा खेडा जिल्हा तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. पीक बुडालं होतं. नियम असा होता की पीक चार आण्यांपेक्षा कमी, म्हणजे सोळा आण्यांतलं पावहिश्श्याहून कमी आलं, तर त्या वर्षीची साऱ्याची वसुली तहकूब व्हावी. सरकारी आणेवारी म्हणत होती पीक त्याहून जास्त आहे, शेतकरी म्हणत होते कमी आहे. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल उतरले ते या तहकुबीसाठी. सारा माफ करा अशी मागणी नव्हती. एक वर्ष थांबा, एवढीच होती. तेवढ्यासाठी लोकांनी जप्त्या सोसल्या, गुरंढोरं लिलावात गेलेली बघितली. शेवटी ज्यांची ऐपत आहे त्यांनी भरावं आणि गरिबांचा सारा तहकूब व्हावा, असं ठरलं. आज आपण ज्याला पैसेवारी म्हणतो आणि जिच्यासाठी तहसीलवर मोर्चे जातात, तिचा झगडा तेव्हापासूनचा आहे.

त्याही आधी, १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी गावोगाव एक साधं काम केलं. सरकारच्याच फॅमिन कोडमध्ये रयतेला काय सवलती लिहिल्या आहेत, ते रयतेला समजेल अशा मराठीत सांगितलं. नवी मागणी नाही की बंड नाही, कागदावर जे होतं तेच सांगितलं. एवढ्यावरून सरकारने १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. नियमातल्या शब्दांचा अर्थ लोकांना कळणं सरकारला किती महागात पडतं, हे यावरून समजा.

मोरॅटोरियम आणि त्याचा भाऊ डेमरेज

आता चौथा शब्द, जो २०२० मध्ये आपल्या घराघरांत आला. मोरॅटोरियम.

लॅटिनमध्ये 'मोरा' म्हणजे उशीर, विलंब. त्यावरून उशिराची परवानगी, ती मोरॅटोरियम. रोमन कायद्यात मोरा हा ऋणकोचा दोष होता; देय तारीख चुकवली की 'उशिरामुळे लागणारं व्याज' सुरू. म्हणजे उशीर आणि व्याज यांचं लग्न दोन हजार वर्षांपूर्वीच लागलेलं आहे.

व्यापारी मंडळींना याचा एक भाऊ चांगला ओळखीचा असेल, डेमरेज. रेल्वेच्या मालधक्क्यावर वॅगन वेळेत रिकामी केली नाही तर जो आकार पडतो तो. तोही त्याच 'मोरा'पासून निघालेला. एक भाऊ म्हणतो उशीर झाला तरी चालेल, दुसरा म्हणतो उशिराचे पैसे टाका. दोघे वेगवेगळे येतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा एकाच गाडीतून उतरतात.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि हा शब्द जगभर गाजला. ब्रिटनने ३ ऑगस्टला घाईघाईने कायदा करून देणी पुढे ढकलायची मुभा दिली. पण तिथेही धनकोने रीतसर मागणी केली, तर ढकललेल्या रकमेवर बँक ऑफ इंग्लंडच्या दराने व्याज चढेल अशी तरतूद होतीच. उशीर मंजूर, पण फुकट नाही.

१९३१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी जर्मनीची युद्धभरपाई आणि दोस्त राष्ट्रांची युद्धकर्जं यांना एक वर्षाचं मोरॅटोरियम सुचवलं. वर्ष संपलं तेव्हा ती भरपाईची गाडी परत रुळावर आलीच नाही. १९३२ च्या लोझान परिषदेत ती जवळपास गुंडाळली गेली. म्हणजे तहकूब म्हणून सुरू झालेलं प्रकरण मोकूफ होऊन संपलं. असं होऊ शकतं, पण समोर देश असेल तर. तुमच्या-माझ्या सातबाऱ्यावरच्या बोज्याचं तसं होत नाही.

मार्च २०२० : एक शब्द, दोन तोंडं

५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर मोरॅटोरियम लागलं. खातेदाराला आपलेच पैसे ५० हजारांपेक्षा जास्त काढता येईनात. १८ मार्चला ते उठलं. मग २७ मार्चला, लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात, रिझर्व्ह बँकेने कर्जदारांसाठी तीन महिन्यांचं मोरॅटोरियम जाहीर केलं आणि मे महिन्यात ते ३१ ऑगस्टपर्यंत वाढवलं.

एकाच महिन्यात शब्द तोच आला, पण दोन टोकांच्या अर्थांनी. पहिल्यात बँकेने तुम्हाला द्यायचे पैसे थांबले, दुसऱ्यात तुम्ही बँकेला द्यायचे थांबले. त्यामुळे मोरॅटोरियम लागलं असं ऐकलं की पहिला प्रश्न हाच : कुणाचं देणं थांबलं? सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या आपल्या मुलखात हा प्रश्न पुस्तकी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त हजार रुपये काढायची परवानगी होती. दवाखान्याचं बिल, मुलीचं लग्न, सगळं हजारात बसवा. त्यानंतर ठेवविमा एक लाखावरून पाच लाखांवर गेला आणि २०२१ मध्ये कायदा बदलून, निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची सोय झाली. हे संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे; पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही, हेही जाता जाता ध्यानात घ्या.

आता कर्जदारांकडे वळू. सहा महिने हप्ता नाही म्हटल्यावर लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. व्याज मात्र चालू होतं. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातच लिहिलं होतं, पण परिपत्रक वाचतो कोण.

साधा हिशेब करू. एक लाख रुपये, १२ टक्के व्याज, सहा महिने काहीच भरलं नाही. साधं व्याज होतं ६,००० रुपये. व्याजावर व्याज धरलं, तर ६,१५२ रुपये. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारने आधी दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज परत देण्याची योजना आणली आणि २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने ते कुणालाच लावू नका असं सांगितलं. मात्र पूर्ण व्याजमाफी नाकारली. त्या दिवशी 'कर्जदारांना मोठा दिलासा' अशी बातमी सगळीकडे झळकली. वरच्या हिशेबात तो दिलासा किती? १५२ रुपये. आणि ६,००० तसेच डोक्यावर.

घरकर्जाचं गणित याहून बोलकं. २० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण १७,३५७ रुपये, एकूण २४० हप्ते. कर्ज अगदी नवं असताना सहा हप्ते भरले नाहीत, तर व्याज मुद्दलात चढून कर्ज साधारण २० लाख ८६ हजार होतं. हप्ता तोच ठेवला, तर पुढे २४० नाही, सुमारे २७० हप्ते भरावे लागतात. सहा चुकवले आणि तीस वाढले. ज्यांना त्या सहा महिन्यांत खरंच घरात पैसा नव्हता, त्यांना दुसरा मार्ग नव्हता, त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. पण ज्यांच्या हातात पगार येत होता आणि तरी 'सरकारने थांबवलंय' म्हणून थांबले, त्यांना हा हिशेब कुणीतरी आधी मांडून द्यायला हवा होता.

जुने लोक काय करत होते?

आता कुणी म्हणेल, व्याज चालूच राहणार, बँक काय धर्मशाळा आहे का? ठेवीदारालाही व्याज द्यावं लागतं. मुद्दा बरोबर आहे. पण 'व्याज कधीच थांबत नाही' हा काही निसर्गनियम नाही.

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी, आजपासून जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या कायद्यातलं ४८ वं कलम नेमकं आपल्या विषयावर आहे. वादळाने पीक आडवं झालं किंवा पाण्याअभावी धान्य आलंच नाही, तर त्या वर्षी ऋणकोने धनकोला धान्य देऊ नये, कराराची मातीची पाटी पाण्याने ओली करून बदलावी आणि त्या वर्षाचं व्याज देऊ नये. मुद्दल बुडवा असं तो म्हणत नाही. पण दुष्काळाच्या वर्षाचं घड्याळ बंद.

लांब कशाला जायचं, आपल्याकडे दामदुपट होती. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा हिंदू धर्मशास्त्रातला नियम. इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो हिंदू ऋणकोंना लावत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही परवानाधारक सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकाराच्या व्याजाला छप्पर आहे. बँकेच्या कर्जाला हा कायदा लागू नाही.

आणखी एक तुलना. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम १४ चं मोरॅटोरियम आहे, ते कंपन्यांसाठी. कंपनीचं प्रकरण दाखल करून घेतलं की तिच्यावरचे दावे, जप्त्या, वसुली सगळं थांबतं आणि धनकोंचे दावे त्या तारखेपर्यंतच्या रकमेवर मोजले जातात. उद्योग जगला पाहिजे म्हणून हे केलं, ठीकच केलं. पण मग शेतीसुद्धा उद्योगच आहे ना? कंपनीच्या मोरॅटोरियममध्ये हिशेबाची तारीख गोठते. शेतकऱ्याच्या स्थगितीत फक्त वसुली करणारा माणूस दारात यायचा थांबतो, हिशेबाची वही चालूच राहते. दोघांनाही आपण मराठीत 'स्थगिती'च म्हणतो.

पीक कर्जवाल्यांसाठी

तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर केंद्र आणि राज्य यांच्या व्याज सवलतींमुळे महाराष्ट्रात ते शून्य टक्क्याला पडतं. किल्ली 'वेळेत' या शब्दात आहे. वसुलीला स्थगिती आहे म्हणून भरलं नाही आणि पुनर्गठनही करून घेतलं नाही, तर ती सवलत हातची जाऊ शकते. आणि पुनर्गठन केलं, तर पीक कर्जाचं मुदत कर्ज होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर फेडीला जास्तीत जास्त दोन वर्षं, ५० टक्क्यांच्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत, अशी व्यवस्था होती. व्याजाची सवलत त्यात पहिल्या वर्षापुरती, दुसऱ्या वर्षापासून नेहमीचा दर. म्हणजे पुनर्गठन वाईट नाही, बऱ्याचदा तोच शहाणपणाचा मार्ग आहे. पण ती माफी नाही. मथळा वाचून सही करू नका.

म्हणून पुढच्या वेळी स्थगिती जाहीर झाली की शाखेत जाऊन तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

एक, नेमकं काय थांबलं : हप्ता, वसुलीची कारवाई, की व्याज?

दोन, मुदत संपल्यावर थकलेली रक्कम एकदम मागणार, की हप्ते वाढवणार, की हप्त्याची रक्कम वाढवणार?

तीन, या काळात माझं खातं नियमित धरणार की थकीत? व्याज सवलतीचं आणि पुढच्या कर्जाचं काय?

साहेब कामात असतात, वैतागतील. वैतागू द्या. उत्तर देणं त्यांचं काम आहे.

आणि एक मागणी सरकारकडे. निर्णयात नुसतं 'वसुलीस स्थगिती' लिहू नका. पुढे एक ओळ जोडा : 'या काळात व्याज आकारले जाईल' किंवा 'आकारले जाणार नाही'. एका ओळीचा कागद लागतो. ती ओळ नसली की स्थगिती झाकण बनते, आणि झाकणाखाली काय शिजलं ते शेतकऱ्याला ताट वाढल्यावरच कळतं.

सूट म्हणजे कमी. माफी म्हणजे नाही. मोकूफ म्हणजे सुटलं. तहकूब आणि स्थगित म्हणजे नंतर. आणि 'नंतर'चे पैसे पडतात. एवढं गावात चार जणांना सांगितलंत तरी या पोस्टचं काम झालं.